सार्जंटकाकांचा फळा

सार्जंटकाकांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कुपवाडच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकासाठी. जेवताना अर्ध्या भाकरीवरून उठून ते कॉम्प्रेसर बंद आहे ना, ते बघून येत.

ते बाबांचे चुलतभाऊ. आष्ट्याकडच्या आमच्या भावकीत घरटी एक जण लष्करात. काका तेवढे हवाई दलात, विमानांचे मेकॅनिक. गावात कुणी विचारलं, "इमान चालवायचास व्हय रं?" तर म्हणत, "न्हाई गड्या. चालवणारा माघारी यावा म्हणून इमान तपासून सही करायचो." वरून विमान गेलं की हातातलं काम थांबवून, आवाज पार विरेपर्यंत उभे राहत.

भिंतीवर त्यांचा फळा होता. प्रत्येक हत्याराची लाल आकृती रंगवलेली. काम झालं की ज्याचं त्याच्या जागी टांगायचं. "एक जागा मोकळी, तर इमान जाग्यावर," हा हवाई दलातला नियम ते साखर कारखान्याच्या पंपांनाही लावत. कामगार पाठीमागे हसायचे.

डिप्लोमा झाल्यावर मी तिथे शिकायला जाऊ लागले. मुळात भिडस्त, त्यात इंग्रजी शाळेतलं माझं मराठी. मी गप्पच असे. एका संध्याकाळी दुरुस्त झालेला पंप टेंपोत चढला आणि फळ्यावर दहा नंबरच्या पान्याची जागा मोकळी दिसली. तो मीच वापरला होता.

"कुणाकडं हाय?" काकांनी दोनदा विचारलं. मी फरशीकडे बघत राहिले.

"आवं काका, तिकडं कारखाना थांबलाय!" टेंपोवाला ओरडला.

काकांनी पंप उतरवायला लावला, स्वतः उघडला. पाना आत, पंख्याला टेकून पडला होता.

मग ते माझ्याजवळ आले. "इसरलीस त्याचं काय न्हाई. मीबी एकदा हातातली बॅटरी इमानाच्या इंजिनात इसरलोय. दोन्ही हात वर करून इमानाम्होरं पळालो. लोकं आठ दिस हसली. पर बोललो. तू बोलली न्हाईस पोरी, त्याचं भ्या वाटतंय."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता काकांचे कान गेलेत, सगळं आयुष्य इंजिनांपाशी गेलं त्यांचं. वर्कशॉप बंद करून ते आष्ट्याला राहतात. मी साताऱ्यात एका कारखान्यात मशीन जोडते. गेल्या आठवड्यात नवं मशीन सुरू करणार, एवढ्यात मी ओरडले, "थांबा! माझा पाना सापडत नाहीये." सगळे खोळंबले, साहेब वैतागले, जोडलेलं मशीन पुन्हा उघडलं. पाना माझ्याच ॲप्रनच्या खिशात निघाला. हशा पिकला.

जेवणाच्या सुट्टीत काकांना फोन लावला. त्यांच्याशी हळू बोलून भागत नाही. सगळ्या कँटीनला ऐकू जाईल असं ओरडून मी सांगितलं, "काका, मी मशीन थांबवलं! पाना खिशात होता!"

ते म्हणाले, "लय ब्येस केलंस. आता बाकीची हत्यारं परत मोज."

डबा तसाच उघडा ठेवून मी उठले.