उस्तादानं सरळ विचारलं होतं

एकाहत्तरच्या लढाईपासून माझी पोस्टिंग मिलिटरी हॉस्पिटलात होती. रँक नायक, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. सुट्टीवर गावी मानवतला आलो की लोक विचारायचे, "बंदूक कुठंय रे?" मी म्हणायचो, "बेडपॅन हाय, दाखवू का?" ते हसायचे. मला लय राग यायचा. लढाईत मी एक गोळी झाडली नाही, पण माणसं मरताना जवळून बघितली.

हे काम मला हवालदार खिल्लारे उस्तादानं शिकवलं. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची. पाच मिनिटं उशीर झाला की उस्ताद आईमाईवरून उद्धार करायचे. आणि एक ऑर्डर कायमची होती, "मरणाऱ्यानं सरळ विचारलं तर सरळ सांगायचं. त्याला कामं उरकायची असतात."

लढाईला दोन वर्षं झाली आणि मी दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलो. उस्ताद तेव्हा पेन्शनीत होते आणि परभणीला दवाखान्यात पडून होते. लिव्हरचा कॅन्सर. बायको आधीच गेलेली. एकच लेक शांता, पालमला शाळेत बाई. सहा वर्षांपूर्वी ती नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली, तर यांनी दारातनंच परत पाठवली. "शिपायाची पोर ठाणं सोडत न्हाई," म्हणाले. ती नवऱ्याकडं गेली नाही आणि बापाकडंही पुन्हा आली नाही. एकटीनं शिकली, नोकरीला लागली.

मी वॉर्डातच मुक्काम ठोकला. सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं बाबा, चाळीस पेशंटला मी एकटी."

शनिवारी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. "दोन दिवस. फार तर तीन."

रविवारी सकाळी साडेसात वाजता मी उस्तादांची पाठ स्पिरिटनं पुसत होतो. त्यांनी मान वळवली.

"पंडित, रिपोर्ट दे. मी चाललोय का?"

मी कापूस पुन्हा स्पिरिटात बुडवला.

"चाललो असंल तर शांताला निरोप धाड. न्हाई तर राहू दे. बरा झालो की माझ्या पायानं पालमला जाईन. खाटेवर पडून माफी मागायची न्हाई मला. ती कीव करंल."

किती जणांना मी सरळ सांगितलं होतं! पण हा माझा उस्ताद. माझी जीभच उचलेना.

"कायतरीच काय, उस्ताद! पंधरा दिवसांत उठून बसताल."

त्यांचा चेहरा उजळला. "मग तू बी चल संगं." चहा मागितला, दोन घोट घेतले. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

सव्वाबाराला श्वास बदलला. मध्येच थांबायचा, मग दमून परत यायचा. ही खूण मला कुणी सांगायची गरज नव्हती. रविवार, पोस्ट बंद. मी एसटी स्टँडवर पळत गेलो. एक वाजताची पालम गाडी लागलेली होती. कंडक्टरच्या हातात चिठ्ठी दिली.

"शांताबाई खिल्लारे. शाळेतल्या. लवकर पोचवा."

"घरी नेऊन देतो. कुणाचं काय झालं?"

"बापाचं."

एक वीसला परत आलो. खाटेशी उभा राहिलो. "उस्ताद, सकाळी मी खोटं बोललो. शांताला आत्ता निरोप धाडलाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"कधी येईल?"

"साडेसहा."

"दाढी कर माझी."

मी साबण लावला. गालाचं कातडं नुसतं हाडावर होतं. एका हातानं ताणून धरत हळूहळू वस्तरा चालवला. चेहरा पुसला, कापसाच्या बोळ्यानं ओठ ओले केले, धुतलेला सदरा घातला.

अडीचनंतर त्यांना दिसेनासं झालं. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी हात धरून बसते. लेक आली असं वाटंल त्यांना."

"नको सिस्टर. एका दिवसात दोनदा नको."

उस्तादांनी विचारलं, "आली का?"

"न्हाई उस्ताद. अजून न्हाई. चिठ्ठी अजून गाडीत असंल."

"तिला सांग, दार मी लावलं. ती बरोबर होती."

तीन दहाला गेले. मी हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं.

शांताबाई पावणेसातला आल्या. मी बापाचा निरोप सांगितला, आणि सकाळचंही सांगितलं. त्या रडल्या नाहीत. बापाच्या गालावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"साडेसातला विचारलं? आठच्या गाडीनं चिठ्ठी दिली असती तर मला साडेदहाला मिळाली असती. अकराला गाडी हाय. दीड वाजता मी हितं असते, भाऊ." मग म्हणाल्या, "आज सुट्टी होती. मी घरीच होते, ज्वारी निवडत."

पुढं बारा वर्षं मी वॉर्डात काढली. ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. एकानं तर ताट फेकून मारलं. तो मार खाल्ला. उस्तादांचं नाव शहिदांच्या दगडावर नाही, ते आजारानं गेले. युनिटात दोन मिनिटं सगळे मान खाली घालून उभे राहायचे, तेव्हा मी त्यांचंच नाव घ्यायचो. हवालदार खिल्लारे. आजही झोपेत ते विचारतात, आली का?

दीड ते तीन दहा. एक तास चाळीस मिनिटं. ती बापलेकीची होती. ती मी घालवली.