हैबतरावांची बिनशिवीची आवणी

आमच्या रिह्याच्या खोऱ्यात गर्व करावा अशा गोष्टी तशा तीनच. एक आमचा तांदूळ, दुसरा आमचा पाऊस आणि तिसरे हैबतराव. पहिल्या दोन गोष्टींवर इतर गावंही हक्क सांगतात. हैबतराव मात्र खास आमचे.

अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत हा माणूस ओळखला जायचा तो त्याच्या आवाजासाठी. हैबतरावांनी आपल्या भातखाचरात बैलाला शिवी दिली की ओढ्यापलीकडच्या वाडीत बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. शिवी बैलाला आहे हे कळायला थोडा वेळ लागायचा. एक मात्र खरं, त्यांच्या तोंडात दुजाभाव नव्हता. बैल, बायको, तलाठी आणि न पेटणारी चूल, सगळ्यांना एकाच मापानं. हात मात्र कधी कुणावर उगारला नाही. बैलांच्या पाठीवर चाबकाचा एक वळ दाखवा आणि माझी मिशी उतरवा, असं ते ऐटीत सांगायचे. चाबकाची गरजच काय होती म्हणा!

त्या वर्षी त्यांची लेक कमळ बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. हैबतराव आनंदानं ओसरीवरून ओरडले, "आण गं, बघू दे नातू!" आणि दोन दिवसांच्या त्या जिवानं दोन्ही मुठी उघडून असा काही टाहो फोडला की गोजराबाईंनी नवऱ्याला अंगणात पिटाळलं. आजोबाची पहिली हाक अशी फुकट गेली. पुढं रोज तेच. हैबतराव दारात खाकरले तरी बाळ दचकायचं. ते पाळण्याजवळ आले की ओठ काढायचं, आणि बोलले की संपलंच.

"आबा, तुमी लांबूनच बघा," कमळ म्हणाली. लेकीनं हे हळू सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

आवण्या, म्हणजे भाताच्या लावण्या, उरकल्या की कमळ ताम्हिणीला सासरी जाणार होती. तोवर नातू एकदा मांडीवर आला पाहिजे, एवढीच त्या माणसाची इच्छा उरली. हैबतराव उठले आणि पौडाला चाँदभाईंकडे गेले.

चाँदभाईंचं बाजारात किराणा दुकान होतं. दुपारची नमाज झाली की ते फळीवर डोळे मिटून शांत बसायचे. तेवढ्यात कुणी गूळ मागितला तर गूळ थांबायचा. गिऱ्हाईकही थांबायचं. हैबतराव गिऱ्हाईक म्हणून या थांबण्यावर आजवर पुष्कळ बोलले होते. आज गप उभे राहिले. चाँदभाईंनी डोळे उघडले ते काळजीनंच.

"बरं न्हाई का हैबतराव?"

"ते डोळं मिटून तुमी काय करता, त्ये मला शिकवा."

"काई करत न्हाई. श्वास येतोय, जातोय, तेवढं बघतो. जकात नाक्यावरल्या शिपायावानी बसायचं. आला त्याला बघायचं, गेला त्याला बघायचं."

"आन वसुली?"

"वसुली न्हाई. तितंच तर समदी शांती हाय."

दुसऱ्या दिवसापासून हैबतराव पहाटे गोठ्यात घोंगडीवर बसू लागले. ते ध्यानाला बसतात हे साऱ्या वाडीला पहिल्याच दिवशी कळलं, कारण कोंबडा आरवल्याबरोबर गोठ्यातून गर्जना आली, "ध्यानाला बसलोय, दिसत न्हाई व्हय रं मुडद्या!" कोंबडा गप्प झाला. तिकडं बाळ जागं झालं.

पण गडी चिवट. रोज बसले. डास चावायचे, म्हैस शेपटीनं थोबाडात द्यायची, तरी बसले. हळूहळू शिवी ओठांपर्यंत येऊन परत फिरू लागली. शिवी परत फिरताना त्यांचे गाल फुगायचे, डोळे मोठे व्हायचे, मग नाकातून लांब श्वास सुटायचा. गोजराबाई जेवायला वाढताना मुद्दाम मीठ विसरायच्या आणि ते गाल बघत बसायच्या. "बघ तरी, बेडूक दिसतोय नुस्ता," त्या कमळला सांगायच्या. इतक्या वर्षांत बाईला पहिल्यांदाच करमणूक मिळत होती. तिला नावं कोण ठेवणार?

हैबतरावांनी कमळला शब्द दिला होता, नातू हातात येईस्तोवर तोंडातून शिवी निघणार नाही. सगळं नीट चाललं होतं. मग चिखलणी आली.

भाताचं रोप लावायचं तर खाचरातली माती नांगरून लोण्यासारखी करावी लागते. हैबतरावांनी तांबड्या आणि बांड्या जुंपले, नांगराची मूठ धरली आणि मायेनं म्हणाले, "चला रं माझ्या राजांनू."

बैल उभे.

"चला की, बाबांनो."

तांबड्यानं मान वळवून मालकाकडं पाहिलं. बांड्यानं तांबड्याकडं पाहिलं. जन्मभर त्या जनावरांना चालण्याचा हुकूम एकाच भाषेत मिळाला होता. ही नवी भाषा त्यांना कुणी शिकवली नव्हती. हैबतरावांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, कासरा हलवला, पाठीवर थोपटलं. बैलांना थोपटणं आवडलं. ते आणखी निवांत उभे राहिले.

दोन दिवस असेच गेले. चहूकडची खाचरं हिरवी होत आली, मधे हैबतरावांचं तेवढं तळं. वाफ्यातलं रोप उंच होऊन पिवळं पडू लागलं. येणारे जाणारे बांधावरून सल्ले देत होते. "एक शिवी द्या, हैबतराव! देवबी माफ करंल!" हैबतराव गाल फुगवून नाकातून श्वास सोडत. शेवटी त्यांनी तोड काढली. डोंगरवाडीचा बहिरू त्यांच्याकडं मजुरीला यायचा. त्याला बांधावर उभा केला.

"बहिरू, म्या नांगर धरतो. शिव्या तू घाल."

बहिरू डोंगरातला अतिशय लाजाळू माणूस. जांभळाच्या झाडावर चढण्याआधीसुद्धा झाडाच्या पाया पडणारा. त्यानं घसा साफ केला. पावसासाठी डोक्यावर घेतलेल्या इरल्याआडून दोनदा इकडं तिकडं पाहिलं. मग बैलांना म्हणाला, "अवो... तुमी... जरा लाज धरा."

बांड्या खाली बसला.

शेजारच्या खाचरात लावणी करणाऱ्या बायका हसून हसून चिखलात टेकल्या. तेवढ्यात भाकरी घेऊन आलेल्या गोजराबाईंनी टोपली बहिरूच्या हातात दिली, पदर कमरेला खोचला आणि बांधावर उभ्या राहिल्या.

"ऊठ रं कडू बेण्या! आयतखाऊ! तुझं मढं बसवलं त्या चिखलात! हाडं मोडून चुलीत घालीन!"

आवाज बाईचा, पण चाल हुबेहूब हैबतरावांची. तोच खालून वर जाणारा सूर, तोच शेवटचा हिसका. बांड्या ताडकन उठला. बैलांनी अशी धाव घेतली की नांगरामागं हैबतराव फरफटत गेले. बायकांनी टाळ्या पिटल्या. बहिरू टोपलीसकट नाचला.

गोजराबाई थांबल्या नाहीत. खाचराला एक फेरा झाला, दुसरा झाला. "भुईला भार! खायला काळ! डोळं फुटलं काय तुझं? ह्याला कालवन म्हनत्यात? मीठ काय तुझा बाप येऊन घालनार? माह्यारी जा तुझ्या! कुटं तोंड करून हुबी हायेस, पानी आण!"

हसणारी एकेक बाई गप्प झाली. बैलाला कालवण आणि माहेर कशाला, हे सगळ्यांना एकदमच कळलं. गोजराबाईंना ते कळलं होतं की नाही कोण जाणे. त्या बैलांकडंच बघत होत्या आणि एकामागून एक शब्द येत होते. सगळे पाठ. एकही विसरला नव्हता.

हैबतरावांनी कासरा ओढला. बैल थांबले.

"गोजरे," ते म्हणाले, "ह्ये म्या म्हनतो?"

"न्हाई, शेजारचा म्हनतो."

"समदं? असंच?"

"आवाज तुमचा आनखी मोठा हाय. मला तेवढा लागत न्हाई."

"बास कर आता."

"का? चालत्यात की बैल."

"चालू देत, न्हाईतर ऱ्हाऊ देत. बास कर."

शिव्या थांबल्या. नुसता पाऊस ऐकू येऊ लागला. हैबतरावांनी नांगराची मूठ बहिरूच्या हातात दिली आणि स्वतः बैलांच्या पुढं जाऊन गुडघाभर चिखलात उभे राहिले. एक हात तांबड्याच्या मानेवर, दुसरा बांड्याच्या. बैलांचे श्वास त्यांच्या मनगटांवर येत होते, जात होते. आपोआप त्यांचाही श्वास बैलांच्या श्वासांच्या जोडीला लागला. गोठ्यातल्या घोंगडीवर इतके दिवस बसून जे जमलं नव्हतं, ते तिथं उभ्यानं जमलं. आला त्याला पाहिलं. गेला त्याला पाहिलं. मग त्यांनी एक पाऊल मागं टाकलं. बैलांनी एक पुढं टाकलं.

उलट पावलांनी चालत त्यांनी सगळं खाचर चिखललं. वेळ तिप्पट लागला. तीनदा पडले. पडल्यावर गालही फुगले नाहीत, म्हणून बांधावरल्या मंडळींना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. खोऱ्यात सगळ्यात शेवटची आवणी हैबतरावांची झाली. पण तोंडातून एक शिवी न काढता, चाबूक न उचलता, अख्खं खाचर चिखलणारा माणूस दुसऱ्या कुठल्या गावानं दाखवावा. आमचं आव्हान अजून उभं आहे.

कमळ निघायच्या आदल्या दिवशी हैबतराव हातपाय धुऊन ओसरीवर बसले. त्यांनी काही मागितलं नाही. गोजराबाईच आतून आल्या.

"धरा."

"रडंल."

"रडलं तर रडलं. धरा."

बाळ मांडीवर आलं. हैबतराव श्वास रोखून बसले, मग आठवण झाल्यासारखा त्यांनी तो सोडला. बाळानं त्यांच्या मिशीकडं पाहिलं. पोटाचं वरखाली होणं त्याला बरं वाटलं असावं. ते हातपाय सैल सोडून पडून राहिलं. हैबतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून वाहू दिलं.

आणि थोड्या वेळानं बाळानं ओठ काढला. मुठी उघडल्या. टाहो फोडला.

हैबतरावांचा चेहरा पांढरा पडला. "म्या काई बोललो न्हाई, कमळे! आयशप्पत!"

कमळनं वाकून बाळाच्या ओठांना बोट लावलं. बाळ ते चोखायलाच लागलं. "आबा, भुकेजलाय त्यो."

"नुस्ता भुकेजलाय?"

"व्हय. दुसरं काय न्हाई."

हैबतरावांनी बाळ लेकीच्या हवाली केलं आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. छाती भरून श्वास घेतला, आणि ओढ्यापलीकडच्या वाडीला ऐकू जाईल असा तो जुना आवाज कित्येक दिवसांनी मोकळा सोडला.

"आयका रं! नातू माझा भुकेनं रडतोय! माझ्यामुळं न्हाई, भुकेनं!"

पलीकडच्या बायकांनी सवयीनं पदर सारखे केले आणि शिवीची वाट पाहिली. ती आली नाही. आतल्या खोलीत बाळ क्षणभर थांबलं, आवाज आला त्या बाजूला त्यानं मान वळवली, न दचकता नीट ऐकून घेतलं, आणि पुन्हा दुधासाठी ओरडायला लागलं. आवाज थेट आजोबाचा.