बदामाच्या आकाराचा हिरा

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे 'दोनदा' म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. दोर तपासला की पुन्हा तपासायचा, ब्रेक आवळला की पुन्हा आवळून बघायचा, आणि एवढं करून लिफ्ट सुरू झाली की स्वतः मात्र जिन्याने खाली उतरायचा. "अरे, तुझ्याच हातची ना? मग बस की तिच्यात!" सोबतचे लोक चिडवायचे. तो म्हणायचा, "माझ्या हातची आहे म्हणूनच नको." भित्रा होता हो, सरळ सांगायचं तर. पण लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस भित्रा असलेलाच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर हा दोनदा हल्ली जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून गच्चीवरच्या, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत जाऊन बसायचा. ग्रीसच्या पालथ्या डब्यावर बैठक आणि डोकं मोबाइलमध्ये. बघत काय होता? हिऱ्याच्या अंगठ्या!

बायकोसाठी. त्यांचं लग्न कचेरीत सह्या करून, घाईघाईत उरकलेलं. अंगठीबिंगठी काही नव्हतं, आणि तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मग आत्ताच हे हिऱ्याचं खूळ कुठून आलं? तर डोळ्यांच्या डॉक्टरकडून. बायको कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात कामाला होती. काजं, बटणं, पँटच्या दुमडी, सगळं बारीक काम. तिच्या डोळ्यांत दाब वाढला होता. डॉक्टर म्हणाले, "आहे ती नजर सांभाळायची. गेलेली परत येत नाही." आणि थेंब लिहून दिले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "थेंब घालत राहिलं की झालं." तो "हो, हो" म्हणाला, पण घरी येईपर्यंत खिशातली थेंबांची बाटली त्याने दोनदा चाचपून बघितली.

"नीट दिसतंय ना?" एवढं विचारायला असा कितीसा वेळ लागतो? पण त्याची जीभ रेटायचीच नाही. कप भरून चहा ओट्यावर सांडला की तो गुपचूप फडकं घेऊन पुसायचा. खुंटीला पिशवी अडकवताना तिचा हात आधी भिंत चाचपायचा, तेव्हा तो मान दुसरीकडे वळवायचा. मग एक दिवस तिने दुकानात जाणंच थांबवलं. "काम कमी झालंय तिकडे," म्हणाली. त्याने मान डोलावली. जगातली प्रत्येक वस्तू दोनदा तपासणारा हा माणूस घरातली ही एक गोष्ट एकदाही विचारायला धजला नव्हता. विचारलं, आणि तिने खरं ते सांगितलं तर? त्यापेक्षा अंगठी बरी. तिला दिसतंय तोवर तिच्या बोटात हिरा चमकावा आणि तिने तो डोळे भरून बघावा, एवढी एकच घाई त्याला लागली होती.

पण हिरा निवडायचा म्हणजे आधी आकार निवडा. मोबाइलवर ते खडे एकामागून एक गोल गोल फिरत होते. गोल, चौकोनी, लांबट चौकोनी, अंड्यासारखा, होडीसारखा. दुसरा कुणी असता तर हरखला असता. याला प्रत्येकात धोकाच दिसायचा. होडीसारख्याला दोन्हीकडे टोकं, कपड्याच्या सुतात अडकायचा. चौकोनी घ्यावा तर कोपरे, आणि थेंब घालताना तो कोपरा डोळ्याला लागला म्हणजे? ह्या विचारासरशी त्याने मोबाइल खिशात टाकला.

शेवटी तिलाच विचारायचं ठरवलं. ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"समजा हं, नुसतं समजा, कुणी तुला हिरा दिला, तर कुठला आकार घेशील?" त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

तिने मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "मला कोण देतोय हिरा?"

"समजा म्हटलं ना!"

"मग बदाम," ती हसून म्हणाली. "बदामाच्या आकाराचा."

दुसऱ्या दिवशी दोनदाने मोबाइलमध्ये 'बदाम' असं टाइप केलं. तर सोललेले बदाम, भाजलेले बदाम, खारे बदाम, वर पिस्ते फुकट! त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग पुन्हा हिऱ्यांच्या दुकानात शिरून एकेक आकार खाली सरकवत गेला, आणि एकदम थांबला. वर दोन गोलवे, मध्ये खाच, खाली टोक. अरे, हा तर बदाम! पत्त्यांतला बदाम! नवीन लग्न झालं तेव्हा सुट्टीची अख्खी दुपार दोघं पत्ते कुटत बसायची. बदामाची राणी हाती लागली की ती अशी गालातल्या गालात हसायची की याला तिचे पत्ते न बघताच कळायचे. हिच्या अजून ते लक्षात आहे तर, असं त्याला वाटलं. किंमत वाचून डोळे पांढरे झाले ती गोष्ट वेगळी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सांगून बनवून घेतलेली अंगठी परत घेतली जाणार नाही. ते त्याने दोनदा वाचलं, आकार दोनदा बघितला आणि बटण दाबलं.

पुढे एकदा जेवताना ती आपणहून बोलायला लागली. "तुम्ही त्या दिवशी हिऱ्याचं विचारलंत ना, तेव्हापासून आईची सारखी आठवण येते. तिच्या बोटात हिरव्या काचेचा खडा होता. सोललेल्या बदामासारखा. एका अंगाला गोल, दुसरीकडे निमुळता. झोप लागेपर्यंत मी त्यावरून अंगठा फिरवत राहायची."

याचा घास घशातच अडकला. "बदाम म्हणजे... खायचा बदाम?"

"मग काय, डोक्याला चोळायचा?" ती म्हणाली. "काय झालं? पाणी प्या."

सकाळी मोटारीच्या खोलीतून त्याने अंगठीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, खडा बसवून झालाय, पार्सलही निघालंय." तो मटकन डब्यावर बसला. बायको रागावेल ही भीती नव्हती. ती कधी रागावायचीच नाही. पण नजर असेपर्यंत बघून घ्यायची ती एकमेव वस्तू, आणि आपण तीच चुकीची आणली! दिवसभर त्याच्या हातातून नट आवळायचे पाने निसटत होते. बरोबरच्याने "आज तू काम नकोच करूस बाबा" म्हणून त्याला बाजूला बसवलं.

पार्सल आलं ते नेमकं सुट्टीच्या दिवशी, टळटळीत दुपारी. "हे बघ, जरा घोळ झालाय," असं म्हणायची त्याने मनात तयारी केली होती, पण ते राहूनच गेलं. त्याने नुसती अंगठी काढली आणि तिच्या बोटात घातली. ती खिडकीशी गेली, हात उजेडात उंच धरला, इकडून तिकडून फिरवला. आता हिचा चेहरा पडणार म्हणून तो तिच्या शेजारी उभा राहिला.

चेहरा पडला नाही. उलट खुलला. "अगंबाई! अगदी तसाच हो! आईच्या बोटात होता तसाच. टोक बघा कसं निमुळतं काढलंय."

त्याने खड्याकडे बघितलं. दोन गोलवे, मध्ये खाच. त्याने पुन्हा बघितलं. खाच तिथेच होती, आणि बायको तिकडेच तोंड करून कौतुकाने हसत होती.

लिफ्ट अचानक खचली की आतल्या माणसाच्या पोटात काय होतं, हे त्याने इतकी वर्षं लोकांच्या तोंडून नुसतं ऐकलं होतं. त्याने खिडकीचा गज घट्ट धरला.

ती आईबद्दल काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिचा अंगठा जुन्या सवयीने खड्यावर गेला. गोलव्यावरून सरकला, खाचेत उतरला आणि थांबला. पुन्हा एकदा फिरला, पुन्हा तिथेच थांबला. तिचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं.

"पत्त्यांतला आहे," ती हळूच म्हणाली.

"हो. मला वाटलं, तू..."

"असू दे. हाही बदामच की."

मग त्याने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "किती दिसतं तुला?"

"तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही."

"घाबरलोच आहे. सांग."

"उजेड दिसतो," ती म्हणाली. "खिडकी दिसते. आणि तुम्ही असे खिडकीशी उभे राहिलात ना, की तुम्हीही दिसता. सावलीसारखे."

दारावरची बेल वाजली, पुन्हा वाजली, आणि जो कोणी होता तो कंटाळून निघून गेला. चहाची वेळही टळून गेली. पण बाहेर उजेड होता तोवर दोनदा खिडकीपासून हलला नाही.