पार्षदबाईची सही

वॉर्डाची सीट बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा बाबुलालनं बायकोला विचारलंसुद्धा नाही. फॉर्म भरला, पोस्टर छापले, अन् भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेला हा गडी रातोरात 'पार्षद साहेब' झाला! नगरसेविका म्हणून निवडून आली बायको, मनकर्णा; हार पडले बाबुलालच्या गळ्यात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. लोक ओसरीत बसून त्याच्याशी बोलायचे अन् जाताना तिला सांगायचे, "भाभी, साहेबांना जरा आठवण द्या." घ्या!

कुरुदकडच्या त्या वॉर्डात मागच्या गल्लीची नाली उघडीच होती. तिथं कमलिनी राहायची. ती अन् मनकर्णा दोघी भंडाऱ्याकडच्या, एकाच वर्षी लग्न होऊन भिलाईत आलेल्या. "तुह्या दारापुढं फरश्या टाकून देतो, माय," असा शब्द मनकर्णानं फक्त तिलाच दिला होता.

फरश्या पडल्या. ठेका बाबुलालच्या दोस्ताला, नत्थूला. मनकर्णा पाहायला गेली, टाचेनं दाबलं तर कोपऱ्याचा भुगा झाला.

"काम कच्चं आहे. मी सही नाही करत," घरी येऊन ती म्हणाली.

"कावून? तू इंजिनियर आहे का?" बाबुलाल हसला. "नत्थूचं बिल अडकून राहिलं. सही कर, अन् भाजी पाहा, करपून राहिली."

भाजी खरंच करपत होती. तिनं सही केली अन् आत पळाली.

थोड्याच दिवसांत कमलिनीची सासू फरशीसकट नालीत गेली. खुबा मोडला. म्हातारी खाटेला लागली ती लागलीच.

गल्ली चवताळून दारात आली. मागोमाग चौकशीचा साहेबही आला. मनकर्णा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. बाबुलालचा एवढा मऊ आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"मी कोण जी? मी तर नुसता नवरा. पार्षद ती आहे, सही तिची आहे. ए मनकर्णा, बाहेर ये, साहेब बोलावून राहिले."

ती आली. कोणीतरी तिच्यासाठी खुर्ची सरकवली. मेल्याचा गळा धरावासा वाटला तिला, पण सांगणार काय? खोटं एक अक्षरही तो बोलला नव्हता.

कमलिनी पुढं आली. रडून डोळे सुजले होते.

"तुले माहीत होतं का, फरशी कच्ची आहे म्हणून?"

मनकर्णाला तिच्याशी खोटं बोलवेना. "होतं," ती म्हणाली.

कमलिनी वळली अन् गेली. मागून बाबुलाल साहेबाला सांगत होता, "पाहा साहेब, कबूल करून राहिली."