भिंतीकडे तोंड करून

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी वाळ्याच्या वासासकट आठवतात. बाहेर अंगणात नांदेडचं ऊन पांढरंफेक पडलेलं असायचं. आत कूलरची एकसुरी घरघर, पडद्यातून गाळून आलेला हिरवट उजेड, आणि पायाशी कुत्र्याचं पिल्लू. झोपेतही त्याचे पाय हलत असायचे. स्वप्नात ते कुणाच्या तरी अंगावर झेपावत असावं.

लोहा गावच्या बाजारातून ते मी नातीसाठी आणलं होतं. माझा मुलगा लातूरला शिकवतो, त्याची मुलगी तिथंच वाढते. सुट्टीत ती आली की हे घर तिचं असतं. होळीला ती आली तेव्हा पिल्लू आनंदानं वेडंपिसं झालं. तिच्या छातीवर उडी घेतली, ती आडवी झाली, आणि उठायच्या आत त्यानं तिचं मनगट दातांत धरलं. कातडी फुटली नव्हती, पिल्लाला लसही टोचलेली होती. तरी पोर थरथरत रडत राहिली. मुलानं तिला उचललं आणि माझ्याकडे वळून म्हणाला,

“अप्पा, ते तुमच्यावर गेलंय. ज्याच्यावर जीव, त्याच्याच अंगावर जातं.”

हे तो होळीला आलेल्या व्याह्यांसमोर बोलला. बैलबाजारात दलाली करता करता मी दुकान उभं केलं, त्याच दुकानावर हा शिकला, आणि चारचौघांत मला कुत्र्याच्या रांगेत बसवून मोकळा झाला. ती गोष्ट मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

“हे शहाणं झाल्याशिवाय मी तिला इथं आणणार न्हाई,” असं म्हणून तो गेला.

बायको म्हणाली, “द्या सोडून लोह्याला.”

“न्हाई. हे बी राहील आन् पोरगी बी येईल.”

आधी मी माझ्या पद्धतीनं घेतलं. ओरडलो, तर ते दुप्पट उड्या मारू लागलं. हातानं ढकललं, तर हाताला खेळणं समजून चावू लागलं. स्वयंपाकघराच्या दारातून बायको बघत होती.

“तुम्ही वरडून राहिलात, ते भुंकून राहिलंय. बाहेरच्याला कळंना, मालक कोणता!”

मग ती एक दुपार आली. मी खाटेवर पडलो होतो, एक हात खाली लोंबत होता. डोळा लागला आणि मी बाजारात पोचलो. धूळ, घुंगरांचा आवाज, बैलांच्या अंगाचा ऊबदार वास. समोर एक गिऱ्हाईक बसलेलं, आमच्या दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला. आमच्याकडे बैलाचा भाव असाच ठरायचा. रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्यांना काही कळता कामा नये. त्यात एकच शिस्त होती: समोरच्यानं कितीही जोरात बोट आवळलं तरी हात झटकायचा नाही आणि तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. स्वप्नातलं गिऱ्हाईक माझी बोटं आवळत होतं आणि मी हात सैल सोडून बसलो होतो.

जाग आली तेव्हा बोटं पिल्लाच्या तोंडात होती. हात तसाच ठेवला. त्यानं दोनदा चावून पाहिलं, माझ्याकडे बघितलं, आणि कंटाळून सोडून दिलं.

तेव्हा मला उमगलं. त्याला माझा राग नको होता, भीतीही नको होती. समोरचा हलतो की नाही, एवढंच ते बघत होतं.

त्यानंतर घरात नियम झाला. दात लागले की हात सैल सोडायचा, आवाज करायचा नाही, आणि चावायला बैलाच्या जुन्या दाव्याचा तुकडा पुढं करायचा. अंगावर उडी आली की सौदा मोडल्यासारखं उठायचं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. चारही पाय जमिनीला टेकले की वळायचं आणि हळूच पाठीवरून हात फिरवायचा. दिवेलागणीला ते हमखास पिसाळल्यासारखं करायचं. तेव्हा लक्षात आलं, लहान मुलासारखं ते पेंगुळलेलं असतं. मग मी त्याला अंधाऱ्या खोलीत निजवू लागलो. त्याच्याबरोबर बऱ्याचदा मीही निजायचो.

बायकोनं दूधवाल्यालाही भिंतीकडे वळवलं. तो बिचारा म्हणाला, “मावशी, माझं काय चुकलं?”

मुलाशी मी बोलत नव्हतो. त्याच्या फोनवर नातीशी बोलायचो आणि तिला सगळं समजावून सांगायचो. शेवटी तिनंच हट्ट धरला आणि ऐन मे महिन्यात तो तिला घेऊन आला.

फाटक वाजलं. पिल्लू बाणासारखं सुटलं. माझ्या घशाशी ओरडणं आलं होतं, ते मी गिळलं.

“भिंत!” नात म्हणाली.

ती वळली. मी वळलो, बायको वळली, आणि हातात बॅगा घेतलेला मुलगाही वळला. त्या रखरखीत उन्हात आम्ही सगळे आपापल्या भिंतीकडे बघत गप्प उभे राहिलो. पिल्लू एकदा तिच्या पाठीवर झेपावलं, परत खाली आलं, आमच्यामधून त्यानं दोन फेऱ्या मारल्या. मग नखांचा आवाज थांबला.

“आजोबा, वळू का आता?”

मी खांद्यावरून पाहिलं. पिल्लू अंगणाच्या मधोमध बसलं होतं, सगळं अंग थरथरत होतं, पण बूड जमिनीला होतं.

“वळ. सावकाश.”

ती उकिडवी बसली, हात उघडा धरला. त्यानं तो नुसता हुंगला.

मुलगा अजून भिंतीकडेच बघत होता. त्याला वळ म्हणायचं काम माझं होतं. मी जरा वेळ लावला.