ताराचंदच्या गाडीतली पुढची सीट

आमचं गाव दिघोरीच्या अलीकडे. कॉन्व्हेंटची पिवळी गाडी माझ्या चहाच्या टपरीसमोर थांबते आणि तिचा ड्रायव्हर म्हणजे ताराचंद. नुसता हॉर्न वाजवून त्यानं पोरांना कधी बोलावलं नाही. खाली उतरायचा, दारापर्यंत जायचा, एखाद्याचा शेंबूडही पुसायचा. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया सकाळीच बांधीच्या चिखलात रोपं लावायला गेलेल्या असत. तेव्हा झोपलेल्या पोरांना उठवून, बूट घालून गाडीत बसवणारा हाच. मी त्याला ‘गावाची मावशी’ म्हणून चिडवायचो. तो हसून अजून एक चहा मागायचा.

गावातली निम्मी पोरं त्याच्या गाडीत, आणि त्याची स्वतःची टीना मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत! लोकांना हे खटकायचं. त्या शाळेचं काय सांगावं? चार वर्गांना मिळून एकट्या राखी मॅडम. त्यांना कधी सर्वेक्षण, कधी मतदार यादी, कधी भंडाऱ्याला मीटिंग. त्या गेल्या की पोरं तलावाच्या पाळीवर. लोक कॉन्व्हेंटकडे गेले ते काही हौसेनं नाही. त्यांना नावं ठेवणाऱ्यांचा मला रागच येतो.

ताराचंदही त्या शाळेचे गोडवे गात नसे. पण टीनाला एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं जेमतेम. कॉन्व्हेंटनं प्रवेशाच्या वेळी तिला दोन प्रश्न विचारले, उत्तर आलं नाही, तशीच परत पाठवली. राखी मॅडमनी तिला टेबलाला लागून बसवलं. त्या तिच्याकडे तोंड करून बोलतात. आता टीना धडा वाचते तो टपरीवर ऐकू येतो.

यंदा ऐन रोवण्यात कॉन्व्हेंटच्या संस्थाचालकांनी ताराचंदला बोलावलं. “आमच्याच ड्रायव्हरची मुलगी सरकारी शाळेत जाते, हे पालकांना दिसतं. तिला इकडे घाला, फी माफ. नाहीतर गाडीची किल्ली ठेवा.”

“सर, इतक्या पोरात तिच्याकडे तोंड करून कोन बोलन?”

सरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. ताराचंदनं किल्ली ठेवली आणि पायी गावात आला.

मी चिडलोच. “काहून ठेवली किल्ली? फुकटात शिकली असती पोरगी!”

“शिकली नसती भाऊ, नुसती बसली असती.”

घरात दुसरी कमाई म्हणजे बायको सुशीलाबाईची रोवण्याची मजुरी, तीही पाऊस असेतोवर. तरी हा बाप्पा ठाम. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर आला आणि गाडीत बसूनच हॉर्न वाजवत राहिला. बाया बांधीत, पोरं झोपेत. शकुनबाई तेवढी नातीला घेऊन आली होती.

“ताराचंद कुठी गेला?”

“मला काय माहीत? बसवायची तर बसवा.”

शकुनबाईनं नातीला घरी नेलं. गावात बोभाटा झाला आणि चार दिवस गाडी रिकामी गेली. शेवटी संस्थाचालक स्वतः टपरीवर आले. शकुनबाईनं त्यांना तिथंच गाठलं.

“आमी नात ताराचंदच्या हाती देल्ली होती. तुमची शाळा त्याच्या मांगून आली.”

संध्याकाळी किल्ली परत आली. ताराचंदनं एकच अट घातली, ती सर्वांना रोज दिसते.

सरकारी शाळेला दुसरा मास्तर अजून मिळालेला नाही. मॅडम मीटिंगला गेल्या की टीना तोंड पाडून घरी येते, आणि त्या दिवशी ताराचंद दुसरा चहा मागत नाही. पण बाकी दिवशी कॉन्व्हेंटची गाडी आधी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकाशी थांबते. पुढच्या सीटवर टीना, अंगात सरकारी शाळेचा गणवेश. सारे पालक पाहत असतात. ताराचंद खाली उतरतो, तिला उतरवतो आणि तिच्याकडे तोंड करून म्हणतो, “जाय बेटा, मॅडम आल्या.”