तीनच झाडं

आत्याला सगळे डॉक्टरीण म्हणतात. पेशंट फक्त बटाटे. कुणाकडे गेली की टोपलीतला एक बटाटा उचलणार, कापणार, दाबून चिकट काही बाहेर येतं का बघणार, आणि मग घरातल्यांना विचारणार, "बरे आहात ना?"

तिच्या शेताच्या फाटकात ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचं घमेलं असायचं. चपला त्यात बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, कापायला दोन सुऱ्या, एक हातात आणि एक औषधाच्या पाण्यात. दर बटाट्याला अदलाबदल.

"आत्या, एवढी काळजी माणसं कापतानाही घेत नसतील," मी एकदा म्हटलं.

"कापलेला माणूस कुणी पेरत नाही. तोंड बंद, सुरी बुडव."

अठरा वर्षं तिच्या शेतात रोग नव्हता. तिचं बेणं लोक डोळे झाकून न्यायचे. रोग ओळखायची तिची परीक्षाही सगळ्यांनी उचलली होती. हिरवंगार झाड भर दुपारी मान टाकत असेल तर खोड कापायचं आणि काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात, न हलवता लटकवून ठेवायचं. कापाच्या जागेतून दुधासारखा धागा खाली उतरला तर ती जिवाणूंची मर. मग झाडं उपटायची, त्या शेतातलं बेणं वापरायचं नाही आणि तिथे काही वर्षं बटाटा लावायचा नाही. तारीख नि ओळ चिठ्ठीवर लिहून तारेला टोचायची. बाबा तिचे धाकटे भाऊ आणि पहिले विद्यार्थी.

गेल्या लागवडीला तिचं बेणं कमी पडलं. बाबांनी आपणहून आठ पोती पोचवली. "घरचंच आहे ताई, तपासत बसू नकोस."

दुसरा कुणी असता तर तिने आधी तारेवरच्या चिठ्ठ्या मागितल्या असत्या. भावाकडे मागितल्या नाहीत. बेणं कापताना काही दिसलं नाही. हा रोग आत दबा धरून बसू शकतो, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं.

दीड महिन्याने तिच्या शेतात झाडांनी माना टाकल्या. ग्लासात धागा उतरला. तो बघून ती तडक आमच्याकडे आली, बाबांना सावध करायला.

"आधी तुझं शेत बघ. तुझ्याकडेही तेच बेणं असेल ना?"

बाबा चहात बघत म्हणाले, "मी यंदा मका लावलाय."

"मका? तू?"

"असंच. बदल म्हणून."

आत्या उठली आणि ओट्याशेजारच्या तारेवरून एकेक चिठ्ठी काढू लागली. खालून चौथ्या चिठ्ठीवर थांबली. मागच्या हंगामातली तारीख. तिने मोठ्याने वाचलं, "मागचं शेत. नववी ओळ. तीन झाडं. धागा आला."

"तीनच होती ताई," बाबा म्हणाले. "लगेच उपटली. तरी ते बेणं माझ्या शेतात लावायचा धीर होईना. वाटलं, तुझ्याकडे गेलं तर तू सांभाळून घेशील."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली नाही. माझ्याकडे वळली. बाबांनी सांगितलं तसं चिठ्ठीवर मी लिहिलं होतं. पोती गाडीत चढवायलाही मीच होतो.

"अक्षर छान आहे तुझं," ती म्हणाली.

शाळेत त्या अक्षराला बक्षीस मिळालं होतं. आत्याला मात्र ते अगदीच लख्ख वाचता आलं.

तिने सगळं शेत उपटलं. ज्यांनी बेणं सांगून ठेवलं होतं त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगितलं, माझं घेऊ नका. रोग कुठून आला, असं प्रत्येकाने विचारलं. "बेण्यातून," एवढंच म्हणायची. कुणाच्या, ते तिने कुठेच सांगितलं नाही. लोकांनी आपापसात ठरवलं, डॉक्टरीण म्हातारी झाली, हात चुकला. बाबांनी तेही ऐकून घेतलं.

ती अजून आमच्याकडे येते. चहा घेते, बाबांच्या गुडघ्याची चौकशी करते. टोपलीतल्या बटाट्याला हात लावत नाही. फाटकातलं घमेलं तिने आणून आमच्या दाराशी ठेवलंय. आत येताना ती त्याच्या बाजूने येते. चपला बुडवते ते जाताना.